निळ्या जर्सीसाठी जन्मगाव विचारू नका

मैदानाच्या कडेवरून : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रायन विल्यम्सबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा पाऊस पडला. ज्यांच्या वाचनातून त्या ओळी सुटल्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विल्यम्स ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, बेंगळुरू एफसीचा आक्रमक खेळाडू. 2019 मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याने तिथलं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. त्याची आई मुंबईतल्या अँग्लो-इंडियन घरातली, आणि आजोबा लिंकन ग्रोस्टेट बॉम्बेकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा, खेळलेले. मला याचा मनापासून आनंद झाला, असं मी लिहिलं होतं. बऱ्याच वाचकांना तो पटला नाही. परळच्या शाळेत पीटी शिकवण्यात आणि मुलामुलींना फुटबॉल खेळवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे या वेळी सगळी जागा याच विषयाला देते.

प्रश्न : बाई, मी कूपरेजला रोव्हर्स कप बघत मोठा झालो. 1962 ला जाकार्तात आपण एशियाडचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा संघात बाहेरून कुणाला आणलं होतं? परदेशात वाढलेल्या पोरांना आयती जर्सी द्यायची, तर इथल्या पोरांनी चिखलात लोळायचं कशाला?
— एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : काका, जाकार्ताचं नाव काढलंत की माझाही ऊर भरून येतो. फायनलला दक्षिण कोरियासारखा संघ, आपण 2-1 जिंकलो, गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे, आणि बाहेर बसलेले आपले प्रशिक्षक रहीमसाहेब. त्याच्या सहा वर्षं आधी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक मारली होती आणि आपण चौथे आलो होतो. तो आपल्या मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळायचा. वांद्र्याच्या मैदानाला आज त्याचं नाव आहे. माझ्या शाळेतली पोरं तिथे सामना खेळायला जायची, तेव्हा हा नेव्हिल कोण ते आधी सांगूनच मी त्यांना बूट घालू द्यायची.

पण तेव्हा समोरचे संघही आपल्यासारखेच आपापल्या गावातून, गल्लीतून आलेले असायचे. आता तसं राहिलेलं नाही. 25 मार्च 2025 ला शिलाँगमध्ये बांगलादेशकडून हमझा चौधरी उतरला. इंग्लंडात जन्मलेला, आई बांगलादेशी, लेस्टर सिटीत घडलेला आणि त्यांच्याबरोबर एफए कप जिंकलेला. सामना 0-0 सुटला. मधमाशी बसावी तसा तो आपल्या मिडफिल्डवर बसला होता, दोन पास जुळू देत नव्हता. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात त्यांनी आपल्याला 1-0 हरवलं. 22 वर्षांत बांगलादेश आपल्याला पहिल्यांदाच हरवत होता. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मडगावात आपण सिंगापूरकडून 2-1 हरलो आणि 2027 च्या आशियाई करंडकातून बाहेर पडलो होतो. हे पराभव मी टीव्हीसमोर बसून पाहिलेत आणि अजून ते पचलेले नाहीत.

जग कुठे चाललंय तेही बघा. 2022 च्या विश्वचषकात मोरोक्को उपांत्य फेरीत गेला. त्यांच्या 26 जणांपैकी 14 जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. अश्रफ हकिमी माद्रिदचा. कॅसाब्लांकाच्या रस्त्यावर नाचणाऱ्यांपैकी कुणी त्याचा जन्मदाखला मागितला नाही.

माझं मत सरळ आहे. पोरगा कुठे जन्मला हे विचारायचं नाही. पासपोर्ट आपला आहे का आणि तो खेळतो कसा, एवढंच विचारायचं. जर्सी आयती कुणालाच मिळता कामा नये, पर्थच्याला नाही आणि परळच्यालाही नाही. आणि काका, तुम्ही 50 च्या दशकात कूपरेजच्या कठड्याला टेकून उभे राहत असाल, तर विल्यम्सच्या आजोबांसाठी तुम्ही टाळ्याही वाजवल्या असतील. मग नातू परका कसा?

प्रश्न : मॅडम, बांगलादेशला जमतं ते आपल्याला का जमत नाही? लाखो लोकांकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. सरकारने एक परिपत्रक काढलं की झालं. माझा भाचा न्यू जर्सीत हायस्कूलकडून खेळतो, चांगला खेळतो. त्याने काय करावं?
— आयटीतला एक वाचक, बोरिवली

उत्तर : परिपत्रकाने होणार नाही, आणि का होणार नाही ते नीट समजून घ्या. व्हॉट्सअॅपवर याबद्दल फार चुकीचं फिरतंय.

आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद 9 आणि 1955 चा नागरिकत्व कायदा, दोन्ही दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीने घेतलं की आपलं संपतं. ओसीआय कार्डाच्या नावात नागरिकत्व असलं तरी ते नागरिकत्व नव्हे. आयुष्यभर व्हिसाशिवाय येण्याजाण्याची आणि राहण्याची ती सोय आहे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. 2008 च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारताच्या संघातून फक्त भारतीय नागरिकच खेळतील. त्याचा फटका तेव्हा टेनिसपटूंना बसला. प्रकाश अमृतराज आपल्याकडून डेव्हिस कप खेळलेला होता, त्याचाही रस्ता बंद झाला.

आता समजा मंत्रालयाने उद्या हा नियम मागे घेतला. तरी फुटबॉलमध्ये काही उपयोग नाही. कारण ज्या देशाकडून खेळायचं त्याचं कायमचं नागरिकत्व हवं, हा नियम फिफाचाच आहे. नुसतं कार्ड दाखवून भागत नाही. बांगलादेश दुहेरी नागरिकत्व देतो, म्हणून हमझाला ब्रिटिश पासपोर्ट न सोडता खेळता आलं. इंग्लंडात न्यूकॅसल आणि संडरलंडकडून खेळलेला मायकेल चोप्रा भारताकडून खेळायचं म्हणत होता, ते इथेच अडलं. 2014 मध्ये तो केरला ब्लास्टर्सकडून आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळला, पण परदेशी खेळाडू म्हणून.

मग घटना बदला, असं पुष्कळांनी लिहिलंय. मी त्या बाजूची नाही. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या केरळच्या नर्सला आणि तुमच्या बहिणीला जो कायदा लागू आहे, तोच फुटबॉलपटूला असावा. त्या लोकांनी रात्र रात्र विचार करून एक पासपोर्ट निवडलाय. चेंडू चांगला मारतो म्हणून कुणाला दोन पासपोर्ट द्यायचे, हे मला रुचत नाही. दुहेरी नागरिकत्व द्यायचं असेल तर सगळ्यांना द्या, आणि तो निर्णय फुटबॉलसाठी म्हणून घेऊ नका.

याचा अर्थ हात बांधून बसायचं असा मुळीच नाही. इंडोनेशियाचं उदाहरण आपल्या सर्वांत जवळचं आहे. तिथेही प्रौढांना दुहेरी नागरिकत्व नाही. तरी हॉलंडमध्ये जन्मलेली, इंडोनेशियन आजी-आजोबांची पोरं त्यांनी शोधली, त्यांच्याशी बोलणी केली आणि संसदेची मंजुरी भराभर मिळवून त्यांना नागरिक करून घेतलं. त्यांचा कप्तान जे इडझेस त्यातलाच. 2026 च्या विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत ते आशियातल्या चौथ्या फेरीपर्यंत गेले. तिथे सौदी आणि इराककडून हरले, पण गेले! त्या पोरांनी डच पासपोर्ट सोडून दिला, म्हणजे युरोपात कुठेही काम करायचा हक्क सोडला. मोठी किंमत आहे ही, आणि ती देणाऱ्याला 'उपरा' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तुमच्या भाच्याबद्दल. तो अमेरिकेत जन्मलाय, म्हणजे अमेरिकन नागरिक. ओसीआय कार्ड नसेल तर आजच अर्ज करा, कारण घड्याळ तिथूनच सुरू होतं. तो सज्ञान झाला, कार्डाला पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने तो भारतात राहिला, की त्याला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. आई किंवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असतील, तर सज्ञान झाल्यावर कार्डाच्या या पाच वर्षांशिवायही अर्ज करता येतो, पण इथे वर्षभर राहणं चुकत नाही. या बारा महिन्यांत खास परिस्थितीत तीस दिवसांपर्यंतची सूट सरकार देऊ शकतं. फुटबॉल महासंघाने 2025 मध्ये सांगितलं की 33 परदेशस्थ खेळाडूंशी संपर्क साधलाय. चांगलं केलं. पण तिशीतल्या खेळाडूंना फोन करण्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या आईबापांना हे कागदांचं वेळापत्रक समजावून सांगितलं, तर पाच वर्षांनी काहीतरी हाती लागेल.

आणि भाच्याला बसवून एकदा विचारा की त्याला खरंच हे हवंय का. मामाला हवं असून चालत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांखालच्या गटात सेंटर फॉरवर्ड खेळतो. पहाटे साडेचारला उठून कांजूरहून लोकलने मैदानावर जातो. बाहेरून खेळाडू आणले तर याची जागा गेलीच ना?
— एक आई, कांजूरमार्ग

उत्तर : ताई, तुमच्या मुलाची जागा आधीच अडलेली आहे, आणि ती परदेशस्थ भारतीयांनी अडवलेली नाही.

आयएसएलचा कुठलाही सामना लावा आणि दोन्ही संघांचे नऊ नंबर, म्हणजे सेंटर फॉरवर्ड, बघा. बहुतेक वेळा दोघेही परदेशी, स्पेनचा नाहीतर ब्राझीलचा नाहीतर आफ्रिकेतला. गोल करायचं काम क्लब परदेशी खेळाडूला देतात, कारण प्रशिक्षकाची नोकरी त्या गोलांवर असते. मग चौदाव्या वर्षी धडाधड गोल मारणारा आपला पोरगा विसाव्या वर्षी विंगवर ढकलला जातो किंवा बाकावर बसतो. याचं फळ देशाला मिळालं. 2024 च्या जानेवारीत कतारमध्ये आशियाई करंडकाचे तीन सामने खेळलो, तिन्ही हरलो आणि एकही गोल केला नाही. पुढच्या वर्षी चाळिशीतल्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत यावं लागलं. छेत्रीबद्दल मला अपार आदर आहे. पण एवढ्या मोठ्या देशात त्याच्यामागे कुणी उभं नव्हतं, ही शरमेची गोष्ट आहे.

विल्यम्ससारखा खेळाडू भारतीय नागरिक झाला की क्लबातही तो भारतीय म्हणूनच धरला जातो. तुमच्या मुलाला त्याच्याशी स्पर्धा करावी लागेल, हे खरं. पण सरावात रोज शेजारी असा माणूस असला तर पोरगा शिकतो. पाठीवर डिफेंडर घेऊन चेंडू कसा धरायचा, बॉक्समध्ये शेवटचं पाऊल कधी आखडतं घ्यायचं, हे फळ्यावर शिकवता येत नाही. मी फळ्यावर शिकवायचा प्रयत्न पुष्कळ केलाय.

तुमच्या मुलाला खरी अडचण कशाची आहे ते मी सांगते. मैदानाची आणि सामन्यांची. आपल्याकडे शाळांचा फुटबॉल रंगतो पावसाळ्यात, क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाकल्या की. आझाद मैदानावर घोट्यापर्यंत पाणी, चेंडू टप्पा घेतच नाही, पडला तिथेच रुततो. अशा वेळी पोरं काय शिकतात? चेंडू उचलून लांब मारायला. खाली ठेवून पास द्यायला गेलं तर तो दोन पावलांवर थांबतो आणि बाहेरून पालक ओरडतात, "अरे मार ना पुढे!" दिवाळीनंतर मैदान सुकतं, चेंडू पळायला लागतो, खेळायचे खरे दिवस येतात आणि मैदान क्रिकेटकडे जातं. इंग्लंडात किंवा गल्फमध्ये वाढलेल्या पोराचा पहिला स्पर्श आपल्या पोरापेक्षा सफाईदार असतो, त्याचं मोठं कारण त्याच्या पायाखालची जमीन आहे. रक्तात काही वेगळं नसतं.

म्हणून भांडायचं तर यासाठी भांडा. नगरसेवकाकडे जा, शाळेकडे जा, वर्षभर सामने मागा. मी तुमच्याबरोबर येईन. मुंबईत वाढलेला राहुल भेके देशासाठी खेळला, तो याच शहरातून वर आला. रस्ता आहे, पण फार अरुंद ठेवलाय.

प्रश्न : ही मंडळी पैशासाठीच येत असणार. राष्ट्रगीत तरी येतं का त्यांना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अराता इझुमी आठवतो? जपानी आई, गुजराती वडील, जन्म आणि वाढ जपानमधली. इथे येऊन तो आपल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला, मग पुणे एफसीकडून. 2012 मध्ये त्याने भारतीय नागरिकत्व घेतलं. जपानही दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे मागचा दरवाजा त्याने स्वतःच्या हाताने लावला. पुढे भारताकडून मोजके सामने त्याच्या वाट्याला आले. जपानी पासपोर्ट देऊन आपला घेणाऱ्या माणसाला पैशाचा लोभी म्हणवत नाही मला. राष्ट्रगीत शिकता येतं हो. आपल्या शाळेतल्या मुलांनाही आम्ही शिकवलंच होतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे, कॉलेजच्या टीमची गोलकीपर आहे. सगळी चर्चा मुलांच्या टीमची का?
— एक विद्यार्थिनी, कल्याण

उत्तर : बाळा, तू बरोबर पकडलंस. 5 जुलै 2025 ला थायलंडमध्ये, चिआंग माईत, आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात 2-1 हरवलं आणि आशियाई करंडकासाठी पात्र ठरल्या. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. पात्रता फेरीतून तिथवर जाण्याची आपल्या मुलींची ही पहिलीच वेळ. त्या रात्री मी माझ्या जुन्या विद्यार्थिनींना एकेक करून फोन केले, त्यातल्या काही आता स्वतः आया झाल्यात. दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात ती बातमी शोधावी लागली. उद्या टोरांटोत वाढलेली एखादी मुलगी भारताचा पासपोर्ट घेऊन या संघात आली, तर तिलाही हाच न्याय. तू मात्र गोलकिक डाव्या पायानेही मारायला शिक, आत्तापासून.

प्रश्न : मलेशियाने असंच केलं आणि फसले. आपल्याकडे तर बनावट कागदांचा सुकाळ. उद्या कुणीही आजी मुंबईची म्हणून सांगेल.
— एक निवृत्त पोलीस अधिकारी, नायगाव

उत्तर : साहेब, ही भीती खरी आहे आणि मला ती तुमच्याइतकीच वाटते. इतरांसाठी सांगते. मलेशियाने आपल्या संघात सात परदेशी जन्माचे खेळाडू घेतले. त्यांचे आजी-आजोबा मलेशियात जन्मले असं कागदावर दाखवलं होतं. मूळ नोंदी निघाल्या त्या अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि हॉलंडच्या. सप्टेंबर 2025 मध्ये फिफाने सातही जणांवर वर्षभराची बंदी घातली आणि त्यांच्या फुटबॉल संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड केला.

कागद कसे येतात ते मी जवळून पाहिलंय. चौदा वर्षांखालच्या सामन्याआधी मैदानाच्या कडेला एक टेबल असतं. प्रत्येक संघाचा मॅनेजर प्लास्टिकच्या पिशवीत जन्मदाखले, आधार कार्डं आणि शाळेचं बोनाफाइड घेऊन येतो. पावसात पिशवीत पाणी गेलेलं, शाई पसरलेली. त्या टेबलावर बसून मी दाखले तपासलेत. मुलगा जन्मला एका वर्षी आणि नोंद झाली कितीतरी वर्षांनी, असा दाखला हातात आला की मी मुलाच्या तोंडाकडे बघायची. ओठावर मिसरूड फुटलेली आणि दाखल्यावर तेरावं वर्ष. मुलगा खाली बघायचा. बिचाऱ्याचा दोष नसायचाच, कागद मोठ्यांनी केलेला असायचा. मी त्याला खेळू द्यायची नाही आणि त्याचे वडील माझ्याशी भांडायचे. मलेशियात तेच झालं, फक्त टेबल मोठं होतं.

म्हणूनही मी पासपोर्टाची अट धरून बसलेय. आजीचा दाखला एखादी क्रीडा संघटना डोळे झाकून मान्य करेल. नागरिकत्व द्यायचं म्हटलं की गृह खातं तपासतं, जुना पासपोर्ट सोडल्याचा पुरावा मागतं. वेळ लागतो, पण जे हातात येतं ते पक्कं असतं. महासंघाने एवढं करावं की प्रत्येक अशा खेळाडूचा भारताशी नातं सांगणारा धागा, आई की आजोबा, कोणत्या गावचे, हे जाहीर करावं. लपवण्यासारखं काही नसेल तर लपवायचं कशाला?

प्रश्न : आम्ही मूळचे ठाण्याचे, नोकरीमुळे शारजात. मुलगा इथेच जन्मला, चौदा वर्षांचा आहे, इथल्या अकादमीत खेळतो. तो 'परदेशात जन्मलेला' म्हणून भारताकडून खेळू शकणार नाही का? त्याला आजीकडे ठाण्याला पाठवून तिथल्या क्लबात घालावं का?
— एक आई, शारजा

उत्तर : ताई, तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं, कारण या सगळ्या वादात तुमच्या मुलासारख्यांना सगळे विसरतात. गल्फमध्ये जन्माने नागरिकत्व मिळत नाही. त्याच्याकडे भारताचाच पासपोर्ट असणार. म्हणजे तो आजच, या क्षणी, भारताकडून खेळायला पात्र आहे. कुठला अर्ज नाही, काही सोडायचं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील यांचा जन्म कुवेतचा. ते महिंद्रा युनायटेडकडून खेळले आणि 2017 मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबाला त्यांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली. शारजा, मस्कत, दोहा, कुवेत इथे भारतीय पासपोर्टची किती मुलं हिरवळीवर रोज संध्याकाळी खेळत असतील! महासंघाने लंडनला माणूस धाडण्याआधी तिथे धाडावा.

आजीकडे पाठवायची घाई मात्र करू नका. तिथल्या क्लबात त्याची नोंदणी झाली असेल, तर अठरा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्या देशातल्या क्लबात हलवण्याचे फिफाचे नियम कडक आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने देश बदलत असतील तर एक गोष्ट, नुसतं खेळासाठी एकट्या मुलाला पाठवणं ही वेगळी. राष्ट्रीय संघाच्या निवडीसाठी त्याने भारतातल्या क्लबात असण्याची सक्ती नाही. तो शारजात खेळत राहूनही वयोगटाच्या शिबिराला येऊ शकतो. त्याच्या पूर्ण सामन्यांचे व्हिडिओ जपून ठेवा, गोलांचे तुकडे जोडलेले नकोत. निवडणाऱ्याला चेंडू पायात नसताना मुलगा काय करतो ते बघायचं असतं. जन्मदाखला, वकिलातीतली जन्मनोंद आणि पासपोर्ट यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आताच तपासा, फरक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. सुट्टीत ठाण्याला आलात की महिनाभर त्याला माझ्या पोरांबरोबर खेळायला पाठवा. पत्ता संपादकांकडे ठेवलाय. येताना बूट लांब स्टडचे आणा, जूनमध्ये आलात तर सपाट तळव्याचे इथे चालणार नाहीत.